धोक्याची रंगीत तालीम

८ जानेवारी

वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी मला पहिली भूमिका मिळाली. नाटकातली नव्हे, विद्यापीठातली. भूमिकेचं नाव: संशयास्पद बाई.

झालं असं, की विद्यापीठाच्या सुरक्षा प्रमुखांना आपल्या गार्डांच्या प्रशिक्षणासाठी एक नटी हवी होती. आवारात कोणी चिडलेला, बिथरलेला, धोकादायक माणूस शिरला तर काय करायचं, हे आजवर ते भिंतीवर चित्रं दाखवून शिकवत. चित्रं पाहता पाहता गार्ड झोपत. म्हणून आता खोटा का होईना, पण जिवंत माणूस समोर उभा करायचा असं ठरलं. त्यांनी आमच्या बंद पडलेल्या नाटक कंपनीच्या व्यवस्थापकांना फोन केला. एका नटीचे गुडघे दुखत होते, दुसरी मालिकेत अडकली होती, तिसरी म्हणाली मी असली कामं करत नाही. शेवटी व्यवस्थापकांनी माझा नंबर दिला.

मी नटी नाही. सव्वीस वर्षं विंगेत बसून नटांना विसरलेली वाक्यं पुरवत आले. रंगमंचावर पाय ठेवला तो फक्त खुर्च्या उचलायला. हे मी प्रमुखांना फोनवरच सांगून टाकलं. ते म्हणाले, "हरकत नाही. आमच्याकडेही सगळे नवखेच आहेत."

घरी आईंना सांगितलं. आई म्हणजे माझ्या सासूबाई. हे गेले तेव्हापासून घरात आम्ही दोघीच. मला आपादमस्तक न्याहाळून त्या म्हणाल्या, "तू आणि संशयास्पद? तुझ्याकडे बघून मांजरसुद्धा बाजूला सरकत नाही."

११ जानेवारी

पहिला दिवस. हसावं की रडावं, अजून ठरत नाही.

प्रमुख म्हणजे सडपातळ, केस पिकलेले, गळ्यात काळी प्लॅस्टिकची शिट्टी. प्रत्येक वाक्यात 'कृपया' असतं. त्यांना सगळे साहेब म्हणतात. त्यांनी माझ्या मनगटावर पिवळी फीत बांधली. तालमीत भाग घेणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर ती असते, म्हणजे गार्डांना कळतं की हे नाटक आहे. दुसरा नियम असा, की तालमीत खरी धोकादायक वस्तू कधीही आणायची नाही.

मला ग्रंथालयात बॅग घेऊन शिरायचं होतं आणि ती तपासू द्यायची नव्हती. समोर आला तो गार्ड इतका आडदांड, की दरवाजा दिसेनासा झाला. त्याला सगळे डोंगर म्हणतात. डोंगर "थांबा" म्हणाला आणि वाचत बसलेल्या एका मुलीच्या हातून पुस्तक पडलं. काय तो आवाज. मग मी ठरल्याप्रमाणे आरडाओरडा सुरू केला आणि डोंगर पार कोरा झाला. तोंड उघडं, शब्द नाही.

पुढे जे झालं ते सवयीने झालं. माझ्या तोंडून आपोआप हळूच निघालं, "आधी नमस्कार करा, मग काय मदत हवी विचारा."

डोंगर मोठ्याने म्हणाला, "आधी नमस्कार करा, मग काय मदत हवी विचारा."

सगळे हसले. साहेबांनी तोंड फिरवलं, पण छातीवरची शिट्टी हलताना मी पाहिली. मग गंभीर चेहऱ्याने म्हणाले, आजचं नीट जमलं नाही, कृपया गुरुवारी पुन्हा यावं लागेल. जमलं नाही म्हणजे माझंच. दुसऱ्याच्या वाक्यांवर जगलेल्या बाईला स्वतःची वाक्यं कुठून सुचणार?

१९ जानेवारी

आज मीही वर्गात मागे बसून ऐकलं. साहेब शिकवतात छान. आधी हात बघा, म्हणाले, चेहरा नंतर. चेहरा खोटं बोलतो, हातांना ते जमत नाही. ओरडणारा माणूस निदान बोलतोय, त्याच्याशी बोलता येतं. गप्प झालेल्याकडे जास्त लक्ष द्या. त्याच्या वाटेत उभे राहू नका, त्याला दार दिसू द्या. आणि माणसाला शांत करायचं असेल तर आधी आपण शांत व्हा, निदान तसं दाखवा.

घरी आल्यावर आईंना हे सगळं सांगितलं. आता त्या खिडकीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे हात बघतात. खालच्या मजल्यावरचा शिंपी संशयास्पद आहे, असं त्यांनी संध्याकाळपर्यंत जाहीरही केलं. रोज तिसऱ्या मजल्याकडे बघून केस सारखे करतो म्हणे.

३० जानेवारी

पुन्हा तेच. तालीम चांगली झाली असं मला वाटत होतं. मी वसतिगृहात घुसणारी अनोळखी बाई होते आणि धाकटीने मला तीन वाक्यांत बाहेर काढलं. धाकटी म्हणजे त्यांच्यातली सगळ्यात लहान गार्ड, चलाख पोरगी आहे. तरी साहेब म्हणाले की अजून थोडी सफाई हवी, मंगळवारी याल का कृपया.

माझ्या खुर्चीवर आज एक नवी उशी होती. बाकी कोणाच्या खुर्चीवर नव्हती. वय झाल्याचं माणसाला असंही सांगतात.

९ फेब्रुवारी

डोंगरशी आज डबा खाताना निवांत बोलणं झालं. गेल्या वर्षी रात्री भिंतीवरून उडी मारणाऱ्या एका मुलाची त्याने कॉलर धरली. मुलगा फक्त उशिरा परतत होता. कॉलर फाटली, तक्रार झाली. आता मार्चमध्ये विद्यापीठाची समिती शेवटची तालीम बघायला येणार आहे. त्यात डोंगर नापास झाला तर त्याची रवानगी गोदामावर. समितीला हे प्रशिक्षणच पटलं नाही तर माझाही गाशा गुंडाळला जाईल, ते वेगळं.

"मी रागावलेला नसतो, बाई," तो म्हणाला. "आवाजच तसा येतो. मी घाबरलो की जास्तच येतो."

एवढा धिप्पाड माणूस घाबरतो, हे बहुतेक त्याने कोणाला सांगितलं नसावं.

मग मी त्याला माझी विद्या शिकवली. कुजबुजायचं नाही, कुजबुजीत नुसती हवा असते. श्वास पोटातून घ्यायचा आणि शब्द त्या एकाच माणसाच्या कानापर्यंत पोचवायचा. आम्ही मोकळ्या वर्गात दोन टोकांना उभे राहिलो. पहिल्या काही वेळा खिडक्यांची तावदानं वाजली. मग एकदा त्या टोकावरून अगदी मऊ आवाजात ऐकू आलं, "बाई, भूक लागली." मला इतका आनंद झाला की मी माझा उरलेला डबाही त्याला देऊन टाकला.

१६ फेब्रुवारी

आजची भूमिका साहेबांनी स्वतः लिहिली होती. एका बाईची बॅग हरवते, ती तक्रार द्यायला येते, आणि सुरक्षा प्रमुख तिच्याकडून सगळा तपशील घेतात. गार्डांचं कामच नाही. मी आणि साहेब समोरासमोर बसून तासभर बोललो. बॅगेचा रंग, आत काय होतं, मग बाईंना वाचायला काय आवडतं, संध्याकाळी त्या काय करतात. मी म्हटलं, साहेब, यात धोका कुठे आहे?

ते शिट्टीशी चाळा करत म्हणाले, "काही धोके हळूहळू लक्षात येतात, बाई."

खोल विचार करतात. मी मात्र तासभर हसत होते, तक्रार करणारी बाई इतकी हसते का? हीही तालीम फुकट गेली असणार. त्यांनी शुक्रवारी पुन्हा बोलावलंय.

२४ फेब्रुवारी

पळून जाणारी चोर झाले आणि पायरीवरून घसरले. घोटा सुजला. साहेब स्वतः घरी सोडायला आले. तीन जिने मला धरून चढवलं, दारात बूट काढले, पाणी मागितलं नाही, आईंनी दिलं तेव्हा मात्र सगळं प्यायले. आईंनी त्यांची उलटतपासणी घेतली. गाव, घर, बायको. बायको फार वर्षांपूर्वी गेली, मुलगी परदेशात. मी ओशाळून गेले.

ते गेल्यावर आई म्हणाल्या, "हात बघितलेस त्याचे? पेला धरताना थरथरत होते."

मी म्हटलं, तीन जिने चढून आलेला माणूस, थरथरणारच.

"अगं," आई म्हणाल्या, "सव्वीस वर्षं दुसऱ्यांची नाटकं वाचलीस ना तू?" आणि रेडिओ लावून बसल्या. कधी कधी त्यांच्या बोलण्याचा संदर्भच लागत नाही.

१८ मार्च

बरेच दिवस लिहिलं नाही. तालमी, घोटा, आईंचा खोकला. सगळं आता ठीक आहे. डोंगर सुधारलाय. काल तालमीत मी आकांत मांडला, तर त्याने मला खुर्ची दिली आणि शेजारी उकिडवा बसला. परवा समिती येणार. साहेबांनी बजावलंय की शेवटच्या तालमीत काही गोष्टी मलाही आधी सांगणार नाहीत. साडीला नवा फॉल लावून घेतला. म्हणजे, समितीसाठी.

२० मार्च, दुपार

मी रागावले आहे आणि राग शांत व्हावा म्हणून लिहिते आहे. मला परीक्षा विभागामागच्या खोलीत बसवलंय, चहा दिलाय, आणि धाकटी दारात उभी आहे. बाहेर जाऊ देत नाही.

माझी भूमिका अशी होती: मुलाचा निकाल अडवून ठेवलाय म्हणून खिडकीशी भांडायला आलेली आई. डोंगर येणार, मला शांत करणार, समिती बघणार. मी वेळेच्या आधीच जाऊन बाकावर बसले. शेजारी एक माणूस होता. पन्नाशीचा, स्वच्छ शर्ट, मांडीवर कापडी पिशवी, दोन्ही हात पिशवीवर. एक शब्द बोलत नव्हता. मनात म्हटलं, हं, हीच ती न सांगितलेली गोष्ट. साहेबांना माझं काम पसंत नव्हतंच, आणला दुसरा नट. आणि तोही शेवटच्या दिवशी.

मी उठून भांडण सुरू करणार तेवढ्यात तोच उठला. पिशवीतून कॅन काढला, झाकण उघडलं, थोडं स्वतःच्या शर्टावर ओतलं. दुसऱ्या हातात लायटर. वास अगदी पेट्रोलसारखा. सामान पुरवणाऱ्याला मी मनात शाबासकी दिली. मनगटावर फीत दिसली नाही, बाहीखाली लपवली असावी. आणि तो ओरडला नाही हो. हळू आवाजात म्हणाला, "आता मला कोणी उद्या या म्हणायचं नाही."

अंगावर काटा आला. कंपनीत असा एक नट असता तर कंपनी बंद पडली नसती.

डोंगर आत आला आणि जागीच थिजला. तोंड उघडं, शब्द नाही, थेट पहिल्या दिवसासारखा. समितीसमोर पोराची नाचक्की होणार. मला राहवलं नाही. मी ओठ न हलवता म्हटलं, "बसू का विचार."

त्याने श्वास घेतला आणि त्या मऊ आवाजात म्हणाला, "मी इथे बसू का?" आणि दारापासून बाजूला होऊन चक्क जमिनीवर बसला. धाकटीने खिडकीतल्या लोकांना मागच्या दाराने बाहेर काढलं. डोंगर मला म्हणाला, बाई, तुम्हीही जा. पण मी का जाऊ? माझी भूमिका अजून सुरूच झाली नव्हती. मी म्हटलं, माझंही काम अडलंय, आणि त्या माणसाशेजारी बाकावर जाऊन बसले.

मग आम्ही दोघं बोललो. त्याची कथा छान रचलेली होती. मुलाची उत्तरपत्रिका हरवली, शून्य गुण लागले, बाप रोज चकरा मारतोय, मुलगा खोलीचं दार लावून बसलाय, जेवत नाही. मी माझ्या खोट्या मुलाचं रडगाणं गायले. तो म्हणाला, तुमचा तरी जेवतो ना? आणि मला पुढचं वाक्यच सुचेना. पाठ केलेलं सगळं उडून गेलं. जे तोंडात आलं ते बोलले, "मग तुम्ही इथे बसलाय, त्याच्याजवळ आत्ता कोण आहे?"

त्याने दाराकडे पाहिलं. मग ढसाढसा रडायला लागला. डोंगर बसल्या जागेवरून पुढे सरकला आणि हात पसरून म्हणाला, "ते माझ्याकडे द्या. तुमचे हात मोकळे होतील."

त्याने लायटर दिला. मग कॅनही दिला.

मी टाळ्या वाजवल्या. त्या माणसाच्या पाठीवर थोपटून विचारलं, फार सुंदर केलंत, कुठल्या कंपनीत होता? तो माझ्याकडे बघतच राहिला. डोंगर घामाने निथळत होता. आणि मग कोणी मला कोपराला धरून इथे आणून बसवलं. बाहेर पोलिसांची गाडीही आणलीय, आणि रुग्णवाहिका. साहेबांनी सजावटीचा अगदी अतिरेक केलाय. समिती कुठेच दिसत नाही. आणि माझं भांडण राहिलं ते राहिलंच.

२० मार्च, संध्याकाळ

पेट्रोल खरं होतं.

साहेबांनी येऊन सांगितलं. चेहरा पांढरा पडला होता. एकदाही 'कृपया' म्हणाले नाहीत. "तुम्ही तिथून उठायला हवं होतं," एवढंच म्हणाले आणि निघून गेले.

मी होते तिथेच खाली बसले. डोंगर मला घरी सोडायला आला. त्याला पहिल्या क्षणापासून माहीत होतं. फीत नव्हती, वास खरा होता. पण मला सांगितलं तर त्या माणसालाही कळणार की मी त्याच्याशी खोटं बोलतेय, म्हणून तो बोलला नाही. "घाबरून आवाज मोठाच येणार होता, बाई. तुम्ही 'बसू का विचार' म्हणालात म्हणून विचारलं."

साहेब तेव्हा कुठे होते, मी विचारलं. तो म्हणाला, दाराबाहेरच. डोंगरने पाठीमागे हात नेऊन त्यांना थांबायची खूण केली होती आणि ते सगळा वेळ शिट्टी तोंडात धरून उभे होते. शिट्टीवर आता दातांच्या खुणा आहेत म्हणे.

आईंना सगळं सांगितलं. माझ्या साडीला पेट्रोलचा वास येत होता. ती त्यांनी स्वतःच्या हातांनी धुतली. मला हात लावू दिला नाही.

माझी नोकरी गेली, हे नक्की.

२३ मार्च

नोकरी गेली नाही. समितीने दारातूनच सगळं पाहिलं होतं आणि पुढे दुसरी परीक्षा घ्यायची गरज नाही असं कळवलं. प्रशिक्षण चालू राहणार. डोंगरचं गोदाम टळलं, आता तो नव्या गार्डांना शिकवणार आहे. बातमी कळल्यावर तो आनंदाने ओरडला आणि तीन इमारतींतले लोक बाहेर आले.

त्या गृहस्थांवर डॉक्टर उपचार करताहेत. साहेबांनी पोलिसांकडे जाऊन त्यांच्या बाजूने सांगितलं. उत्तरपत्रिका दुसऱ्याच गठ्ठ्यात सापडली, मुलगा चांगल्या गुणांनी पास आहे. आज तो आईबरोबर फाटकावर आला होता, कोवळा, डोळे सुजलेले. डोंगरपाशी नुसता उभा राहिला. डोंगरने त्याला केबिनमध्ये बसवून खाऊ घातलं. मुलगा एक घास खाऊन थांबला, मग सगळं संपवलं. मी खिडकीतून बघत होते. माझेच डोळे भरून आले आणि पोट मात्र भरल्यासारखं वाटलं.

साहेब भेटले नाहीत. मला टाळताहेत, हे उघड आहे.

२ एप्रिल

आज रविवार. सकाळी दार वाजलं, तर साहेब. इस्त्रीचा शर्ट, हातात फुलं, आणि गळ्यात शिट्टी नाही. मी आईंकडे पाहिलं. त्या नवी साडी नेसून तयार बसल्या होत्या. त्यांनीच फोन करून बोलावलं होतं.

साहेब बसले. पुढच्या वर्षापासून मला प्रशिक्षक म्हणून नेमलंय, असं त्यांनी सांगितलं. आणि माझं काम त्यांच्या हाताखाली नको, दुसऱ्या अधिकाऱ्यांकडे द्या, असा अर्ज त्यांनी स्वतःच केलाय. माझा चेहरा पडला. मी म्हटलं, इतकं वाईट काम करते का मी? प्रत्येक वेळी जमलं नाही म्हणून परत बोलवत होतात.

"पहिल्या दिवसापासून सगळं उत्तम जमत होतं," साहेब म्हणाले. "तसं सांगितलं असतं तर तुम्ही गुरुवारी आला नसता."

मी खुर्चीत बसले ती बसलेच. सगळे गुरुवार, मंगळवार, ती उशी, ती हरवलेली बॅग, एकेक करून माझ्यासमोर येऊन उभं राहिलं. कान तापले. माझ्या वयाच्या बाईचे कान असे तापतात, हे मला माहीत नव्हतं.

आईंना एवढं थांबायला वेळ नव्हता. त्यांनी विचारलं, घर कितव्या मजल्यावर? तळमजला, साहेब म्हणाले. हे बरं झालं, आई म्हणाल्या, कारण मी येणार आहे बरोबर. आंदण म्हणून. माझा मुलगा गेला, सून नाही गेली, तिला मी सोडायची नाही. साहेबांनी मान खाली घातली आणि म्हणाले की त्यांनी आईंसाठी पुढची खोली आधीच रंगवून घेतलीय. आईंनी विचारलं, पलंग खिडकीजवळ आहे का? आहे. माणसं दिसतात का खिडकीतून? रस्ताच आहे समोर. ऊन? सकाळचं येतं. मग पडदा लागेल, आई म्हणाल्या, पण जाड नको, आणि निळा तर मुळीच नको.

दोघं पडद्याच्या रंगावर आले, तेव्हा माझ्या लक्षात आलं की मला अजून कोणी काही विचारलेलंच नाही. म्हणून मीच सांगून टाकलं, हो.